बटणांच्या खणातली गोळी

पावइंच मास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं नसतं. कोटाच्या बाहीत पाव इंचाचा फरक राहिला, तर हा माणूस अख्खी बाही उसवायचा आणि वर गिऱ्हाइकालाच ऐकवायचा, "तुम्हाला दिसत नाही हो, पण मला झोप येत नाही." दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे कापणीचं लांब टेबल, खिडकीशी मशीन, आणि टेबलाखाली बटणांचा रुंद, उथळ ड्रॉवर. त्यात छोटे छोटे खण.

या ड्रॉवरचा एक कायदा होता. घरात जे येईल ते आधी वेष्टनातून सोडवायचं. बटणं पुठ्ठ्यावरून काढायची, हुक पाकिटातून ओतायचे, आणि रंग-आकार बघून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. पाकिटात बोट घालून शोधत बसणारा शिंपी मास्तरांच्या लेखी शिंपीच नव्हता. त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्याही पट्टीतून फोडून शर्टाच्या पांढऱ्या बटणांशेजारच्या खणात जाऊन पडल्या.

"अहो, औषध आहे ते, बटणं नव्हेत," बायको म्हणाली.

"या ड्रॉवरमधून आजवर चुकीचं बटण उचललेलं नाही मी."

"जित्याची खोड!" एवढंच म्हणून ती आत गेली. उरलेली म्हण दोघांनाही पाठ होती.

मागच्या हिवाळ्यात मात्र ही खोड अंगाशी आली. सकाळी गोळी घेतली, मग घेतली की नाही ते आठवेना, म्हणून आणखी एक घेतली. आणि कापणीच्या नादात नाश्ताही राहिला. थोड्या वेळाने अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागला आणि कात्री खडूची रेघ सोडून सरळ चांगल्या कापडात शिरली. बायकोने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर चांगलंच खडसावलं. ही गोळी घेतल्यावर खायला उशीर करायचा नाही, आणि घेतली की नाही आठवत नसेल तर दुसरी घ्यायची नाही. मास्तरांनी सगळं ऐकलं. खण तेवढा बदलला नाही. पण तेव्हापासून मनात भीती बसली ती बसलीच. रोज सकाळी ते टेबलावर हात पसरून बघायचे, थरथरतोय का. हात गेला म्हणजे शिंपी गेला, असा त्यांचा हिशेब होता.

त्या दिवशी खणात शेवटची एक गोळी उरली होती. नव्या आज आणायच्याच होत्या. मास्तर ती घ्यायला वाकले, की वाकणार होते, तोच वकीलसाहेब कोटाचं माप बघायला आले. कच्चे टाके घातलेला, एकच बाही लावलेला कोट त्यांच्या अंगावर चढवून मास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरत राहिले. नाश्ता टेबलाच्या कोपऱ्यावर झाकून ठेवलेला होता. थोड्या वेळाने त्यांनी खणात बोटं घातली, तर खण रिकामा.

घेतली वाटतं आपण, असं म्हणून ते सरळ होणार, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. ड्रॉवर पूर्ण उघडा होता आणि त्याच्यापुढे फरशीवर नात बसली होती. चार वर्षांची, काडीसारखी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. ती आपल्या बाहुलीच्या कोटासाठी बटणं निवडत होती.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "गोळी खाल्लीस? इथली गोळी? बोल!" ते असे ओरडले की पोर आधी नाही म्हणाली, मग घाबरून हो म्हणाली, मग तिने भोकाड पसरलं. सून धावत आली आणि तिचं तोंड उघडून बघू लागली. तोंडात काही नव्हतं. पण गिळल्यावर तोंडात काय राहणार?

"मीच घेतली असेल," मास्तर पुटपुटले. "थांबा जरा. मी काही खाल्लेलं नाही. गोळी माझ्या पोटात असेल तर आता माझा हात थरथरेल. म्हणजे कळेल."

"तुमच्या हाताची वाट बघत बसू?" बायको कडाडली. "उठा!"

दुकान तसंच उघडं टाकून सगळे गाडीत बसले. रस्ताभर मास्तरांनी हात गुडघ्यावर पालथा ठेवला होता आणि ते त्याच्याकडे टक लावून बघत होते. थरथर रे बाबा, असं मनात घोकत होते. ज्या थरथरीच्या धास्तीने वर्षभर झोप उडाली होती, तिची आज ते भीक मागत होते. आणि हात मेला असा स्थिर, की त्या क्षणी सुईत दोरा ओवला असता.

दवाखान्यात टाचणीच्या बोटाला सुई टोचून साखर तपासली. ठीक निघाली. सून हुंदका देऊन हसली, पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ही गोळी लगेच नाही, काही तासांनीसुद्धा साखर पाडू शकते," त्या म्हणाल्या. "मोठ्यांना जी एक पुरते, ती एवढ्याशा जिवाला फार होते. हिला इथेच ठेवणार. पुन्हा पुन्हा तपासणार." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तुम्ही काही खाल्लंय?"

"नाही."

"मग आधी खा."

बायकोने पिशवीतून बिस्किटं काढली. मास्तरांनी तोंड फिरवलं. "खाल्लं तर हात थरथरणार नाही. मग कळणार कसं?"

"मास्तर, तुमचा हात थरथरला तरी मी हिला सोडणार नाही, आणि नाही थरथरला तरी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोरीसोबत तुम्हालाही खाटेवर घेऊ का? खा."

त्यांनी खाल्लं. समोर एवढीशी टाचणी मोठ्या खाटेवर बाहुली छातीशी धरून बसली होती आणि आजोबांकडे बघायचं टाळत होती. आपल्याला भिते ही, हे मास्तरांना कळलं, आणि त्यांना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी डोळे मिटून घेतले.

सून खाटेवर टेकली, तिने बाहुली हातात घेतली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "छान झालाय गं कोट. आणि ते पांढऱ्या बटणांशेजारचं मोठं बटण? ते नाही लावलंस?"

टाचणीने नाक ओढलं. "ते खराब होतं."

"खराब?"

"त्याला भोकंच नव्हती. शिवणार कसं?" पोरीच्या आवाजात आजोबांचाच तोरा होता. "मी ते फुटक्या बटणांच्या डबीत टाकलं."

सुनेने दुकानात फोन लावला. वकीलसाहेब अजून तिथेच होते. एका बाहीच्या कोटात टाचण्या टोचून घेत बिचारे दुकानाची राखण करत होते. मशीनवरची पत्र्याची डबी त्यांनी टेबलावर उपडी केल्याचा खळखळाट फोनमधून ऐकू आला. मग एकेक बटण बाजूला सरकवल्याचा आवाज. बायकोने मास्तरांचं मनगट घट्ट धरलं.

"आहे," वकीलसाहेब म्हणाले. "गोळी आहे. अख्खी आहे."

आणि मग मास्तरांचा हात थरथरायला लागला. बायकोच्या मुठीत तो मावेना. त्यांनी दुसऱ्या हाताने तो दाबायचा प्रयत्न केला, तर दुसराही तसाच. ते खाली बसले आणि नातीच्या पायांवर डोकं ठेवून रडले. टाचणीने घाबरून आईकडे पाहिलं, मग त्यांच्या टकलावर हळूच थोपटलं.

डॉक्टरीणबाईंनी तरीही आणखी एकदा साखर तपासल्यावरच सोडलं. परत येताना नव्या गोळ्या घेतल्या. पट्टी तशीच्या तशी, न फोडता, बायकोने आतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर कुलपात ठेवली.

दुसऱ्या दिवशी टाचणी पुन्हा ड्रॉवरपाशी येऊन बसली. एकेक खण बघत गेली आणि एका खणापाशी थांबली. "आजोबा, हा रिकामा झाला. यात काय ठेवायचं?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "काही नाही गं," ते म्हणाले. "तो आता रिकामाच राहू दे."