चारही कोपरे साबूत

"आंदी कोपरे पाहू द्या," असं म्हणत ते तिकिटाच्या खिडकीतून हात आत घालायचे आणि माझ्या हातातलं पत्र जवळजवळ हिसकावूनच घ्यायचे. चारही कोपरे अंगठ्यानं चाचपायचे. "साबूत हायेत. वाचा आता, बाबूजी."

मूर्तिजापूर स्टेशनात मी तिकीटबाबू, ते रूळ बदलणारे सांधेवाले. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवायची आपली रीत तुम्हांलाही ठाऊक आहे. अक्षर न येणाऱ्या माणसाला तेवढं तरी वाचता यायचं. त्यांचा एकुलता एक पोरगा पलटणीबरोबर काँगोतल्या कटांगात गेला होता. निळी टोपी घालून, परक्यांची भांडणं सोडवायला.

"तती पिकते काय, बाबूजी?"

"पिकत नाही, जमिनीतून तांबं निघतं. त्याच्यापायीच तर गोळ्या चालतात."

"तांब्यापायी? माह्या घरचा तांब्याचा गडवा पाठवून देतो म्हना त्याईले. घ्या अन् पोराईले घरी जाऊ द्या!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

माणूस मोठा चिकित्सक. पोरगा 'मजेत आहे' लिहायचा, तर हे पत्रावर बोट ठेवायचे. "मजेत हाये तं वळी वाकड्या काहून?"

"अहो, खंदकात बसून लिहितो तो, टेबल कुठलं तिथं!" मी खेकसायचो, आणि मग माझीच जीभ चावायचो.

एका पत्रात आलं, पुढच्या महिन्यात पलटण परत निघणार. त्यानंतर पंधरा दिवसांनी एक लांब सरकारी पाकीट आलं. त्यांनी कोपरे चाचपले आणि धावत जाऊन बायकोला घेऊन आले. "साबूत हाये! मोठ्यानं वाचा, बाबूजी. तिले बी आयकू द्या."

इंग्रजीत चारच ओळी होत्या. दिल्लीतल्या साहेबाला आपली रीत कुठून ठाऊक असणार! मी पाकिटाचा कोपरा फाडला आणि त्यांच्या हातात दिलं. एवढा भेकडपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

"काहून फाडला जी? चांगला होता ना."

मग त्यांना कळलं. फाटका कोपरा ते अंगठ्यानं चाचपत राहिले.

बायको मागे उभी होती, तिला काही दिसलं नव्हतं. नवं लुगडं नेसून आली होती. पदर सारखा करत ती खिडकीशी आली.

"कोन्त्या गाडीनं येते जी?"