गाजर फार वाजतं

माझ्या दारासमोर दार असलेल्या बाईंनी उभं आयुष्य लाँड्रीत उभ्याने इस्त्री केली, म्हणून सगळे त्यांना कडकबाई म्हणतात. स्वभावावरूनही म्हणतात, पण ते पाठीमागे. दारांमध्ये जिना, पण मागे आमच्या दोन घरांत एकच पातळ भिंत, आणि बाई फोन स्पीकरवर ठेवून बोलतात. मग भिंतीला असलेले कान माझे निघाले, तर बिघडलं कुठे?

इस्त्रीने बाईंचे गुडघे खाल्ले. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. गोळ्या दिल्या, थोडं चाला म्हणाले, आणि वजन उतरवायचं तर ताटात भाज्या वाढवा म्हणाले. परगावच्या लेकीने ते फारच मनावर घेतलं. तोवर तिचा फोन आला तर आला; आता रोज संध्याकाळी झडती सुरू झाली. पालक खाल्ला का? दुधी आणला का? बाई कुरकुरायच्या, लेक रागवायची, आणि दोघींची संध्याकाळ छान जायची.

पण बाई निघाल्या गुणाच्या. पालक, कोबी, गाजर, सगळं मुकाट खाऊ लागल्या. काही महिन्यांनी सकाळी आखडणं कमी झालं, आणि एकदा तर न थांबता जिना चढून आल्या. आनंदाच्या भरात लेकीला सांगून बसल्या. लेक म्हणाली, चला, काळजी मिटली. मिटलीच. दुसऱ्या दिवशी फोन नाही, नंतरही नाही. भिंतीपलीकडून नुसता सुरीचा आवाज.

शेवटी बाईंनीच फोन लावला. गुडघे पुन्हा धरलेत म्हणाल्या. भाजी? छे, एकटीसाठी कोण चिरत बसतंय! आणि हे सांगताना सुरी चालूच होती, मी ऐकत होतो ना.

झालं, रोजची बोलणी परत सुरू. पण लेक आईचीच. तिला संशय आला. तिने मला फोन केला.

"काका, खरं सांगा. आई भाज्या खाते का?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक. दार उघडंच होतं. समोर कडकबाई, हातात अर्धं गाजर, एक गाल फुगलेला. चावायचं थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

"हात लावत नाही भाजीला," मी म्हणालो. "तूच जरा रागव."

बाईंनी घास गिळला. आभार वगैरे त्यांच्यात बसत नाही. वळताना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गाजर फार वाजतं. फोन चालू असताना खायची सोय नाही."

तेव्हापासून त्या आधी बोलणी खातात, मग जेवतात.

परवा लेक घाईत होती. दोन वाक्यांत रागवली आणि फोन ठेवला. ठेवल्याचं मलाही कळलं. बाई मात्र त्यानंतरही बराच वेळ बोलत होत्या. हो गं, खाईन. उद्यापासून नक्की खाईन. किती रागवशील?

मग ताट ओढल्याचा आवाज आला. भाजी केव्हाच निवली असणार.