इंजिनचाचांचा कान

फिस्टुलाच्या हातावर मी फणस वाहून नेला. बागेतून रस्त्यापर्यंत, तान्हं मूल घ्यावं तसा, डाव्या कोपराच्या बेचक्यात.

डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी शिरेला जोडून देतात, तो जोड म्हणजे फिस्टुला. रक्त तिथून असं धावतं की बोट ठेवलं तर मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. माझा उजव्या हातातला जोड आधीच बंद पडला होता. डावा शेवटचा. तो गेला की गळ्यात नळी. हे सगळं मला पाठ होतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी.

डायलिसिसला शेजारची खाट इंजिनचाचांची. मालवण बंदरात जन्मभर मच्छीमारांच्या लाँची दुरुस्त केलेला माणूस. आल्यावर ‘बरा मां?’ वगैरे काही नाही. सरळ आमचा हात धरून मनगटाला कान लावायचे. बायकांना मात्र आधी विचारायचे, ‘ऐकू गो बाय?’ दाढीनं गुदगुल्या झाल्या आणि मी हसलो की ओरडायचे, ‘हालू नकात! मी इंजिन ऐकतंय!’

एकदा त्यांचा कान माझ्या हातावर बराच वेळ राहिला. ‘मास्तरानु, घूंघूं गेला. शिट्टी मारता. खंय तरी चोंदता हा. डॉक्टरांक सांगा.’

मी हो म्हटलं. पण आंबे उतरायचे होते, मग जावई यायचा होता. ‘सांगितलात?’ ‘सांगतो हां.’ एकदा ते स्वतःच डॉक्टरांकडे निघाले, तर मीच आडवा गेलो, म्हटलं, पुढच्या सोमवारी नक्की.

तो फणस जावयासाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी एक कान लावला, मग दुसरा. ‘बंद.’

मी स्वतः बोट ठेवून पाहिलं. गुरगुर नव्हती.

‘काय उचललात?’

‘काही नाही.’

त्यांनी माझ्या कोपराला बोट लावलं. बोट चिकाला चिकटलं.

डॉक्टर म्हणाले, गुठळी झालीय, आज-उद्यात निघाली तर जोड वाचेल, गोवा गाठा. चाचांनी झोपल्या झोपल्या पुतण्याला फोन करून त्याचा मासळीचा टेम्पो वळवला. पुढे मी, मागे बांगडे, असे आम्ही गोव्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी गुठळी काढली आणि चोंदलेल्या जागी इवलासा फुगा फुगवून वाट मोकळी केली.

संध्याकाळी चाचांचा फोन. ‘हाताक लावा फोन.’

लावला. पलीकडे चिडीचूप. मला वाटलं, रेंज गेली.

‘चालू झाला, मेल्या!’ ‘मास्तरानु’ सोडून दुसरं काही ते मला पहिल्यांदाच म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांतले जोड केव्हाच मेले होते, गळ्यातल्या नळीवर त्यांचं चाललं होतं. एकदा मी त्यांच्या मनगटाला कान लावला. ‘ह्या भंगारातला,’ ते म्हणाले, ‘आपला ऐका.’ गेल्या पावसाळ्यात ते गेले. आता नव्या माणसांच्या मनगटाला मी कान लावतो. इंजिनातलं मला काही कळत नाही, पण शिट्टी कळते.

बऱ्याच महिन्यांनी धीर करून चाचांच्या घरी गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून केळ्यांचा अख्खा घड नेला. दारात चाची. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, ‘पणसवाले मास्तर मां?’

‘ओळखलंत कसं?’

‘घड खंयच्या हातार आसा तो बघा आधी.’