कामण ते आगाशी: नणंदेच्या पैजेपायी

आधीच सांगून टाकते, मला चालायची अजिबात आवड नाही. फुलपाड्यात आमच्या बिल्डिंगपासून भाजीवाला चार मिनिटांवर आहे आणि तिथूनही मी येताना रिक्षा करते. त्यामुळे वसई तालुक्यात दोन दिवस पायी कसं फिरावं, हे शोधत तुम्ही इथे आला असाल तर माहिती मिळेल, पण "चालण्यातला आनंद" वगैरे माझ्याकडे मागू नका. मला मिळाले ते फोड.

या सगळ्याला कारण माझी मोठी नणंद, लताताई. ताई आगाशीला दिलेल्या. घरची वाडी आहे, केळी, नारळ, सगळं बरं चाललेलं. दोन वर्षांपूर्वी ताईंना स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं पार पडलं आणि ताई बऱ्याही झाल्या. पण आगाशीत हे कोणाला म्हणजे कोणाला सांगितलेलं नाही. "साधी गाठ होती, काढली," एवढंच सासूपासून शेजाऱ्यांपर्यंत. कारण ऋचाचं, त्यांच्या मुलीचं, लग्न जमायचंय आणि आईला कॅन्सर म्हटलं की स्थळं येत नाहीत म्हणे. केमोच्या दिवसांत ताई आमच्याकडे येऊन राहिल्या. गावात काय सांगितलं? तर "वैशालीचा मणका धरलाय, तिच्या मदतीला जातेय." माझा ठणठणीत मणका सहा महिने गावात आणि आमच्या बिल्डिंगमध्येही फुकट बदनाम झाला!

तेही चालवून घेतलं असतं. पण नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी असते, ती ताईंनी एकदा नाही, दोनदा बुडवली. कारण ऐका. त्या हॉस्पिटलात खिडकीतला माणूस पेशंटचं नाव आणि गाव मोठ्याने पुकारतो. "आगाशी म्हणून ओरडला आणि तिथे आपल्यातलं कोणी बसलेलं असलं म्हणजे?" या एका 'म्हणजे'साठी बाई स्वतःच्या जिवाशी खेळत होत्या. मी समजावलं, भांडले, रडले. ढिम्म!

त्याच सुमारास ऑफिसातल्या सिल्व्हियाने एक लिंक पाठवली. एक संस्था कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे उभे करते. आपण एक अंगमेहनतीचं आव्हान घ्यायचं, चाला, पळा, सायकल मारा, आणि ओळखीच्यांनी किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करायची. मी ती लिंक ताईंना पुढे ढकलली, निदान लाज तरी वाटेल म्हणून. ताई फोनवर खो खो हसल्या. "तू? तू चालणार? कामणहून आगाशीला चालत ये, माझ्या माहेरापासून सासरपर्यंत. आलीस तर मी तपासणीला जाते. पैसा एक देणार नाही, पण जाईन."

"शब्द?"

"ऋचाची शपथ."

झालं. अडकले.

आता स्पॉन्सर गोळा करणं. चालण्याचा त्रास परवडला, हा नको. आमची माणसं कंजूष नाहीत हो, हात सैल आहे, पण नाव द्यायला कोणी तयार नाही. "गुप्तदान लिही." ज्याला विचारावं तो "गुप्तदान लिही". देवळाच्या पावतीवर चालतं, पण संस्थेच्या ॲपला नाव आणि आडनाव लागतं. शेवटी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी डोकं चालवलं आणि भरलं, नाव: गुप्त, आडनाव: दान. ते बघून अजून तिघांनी तसंच भरलं. दोन दिवसांनी संस्थेतून एका मुलीचा फोन, "मॅम, तुमच्याकडे दान फॅमिलीमधले चार मेंबर आहेत, पण सगळ्यांचं फर्स्ट नेम सेम येतंय." काय सांगू तिला, कपाळ?

आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, तोही आवाज खाली आणून: "कोणाला झालाय?" ताईंचं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी म्हणायची, "कोणाला नाही, सहजच." सहज कोणी कॅन्सरसाठी चालतं का? आठवड्याभरात बिल्डिंगमध्ये पक्कं झालं की मलाच झालाय. तरीच मागे मणक्याचं चाललेलं! तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मी प्यायले. यक्क.

शनिवारी पहाटे महेशने, माझ्या नवऱ्याने, स्कूटरवरून मला कामणला सोडलं. घर आमचंच, तिथे आता मोठे दीर आणि जाऊबाई राहतात. जाऊबाईंनी हातावर दही घातलं, पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. म्हणजे बातमी इथपर्यंत पोचलेली. मी दही चाटलं आणि निघाले.

माहिती लिहून घ्या. कामणहून चिंचोटीकडे निघायचं तर सहाच्या आत निघा. सातनंतर गोदामांचे कंटेनर सुरू होतात आणि मग रस्ता त्यांचा, आपण फक्त धूळ खायची. फूटपाथ नाही. पांढरे कपडे घालू नका, मी घातले होते. मास्क लावा. आणि बायांनो, पाणी जपून प्या, कारण वाटेत बाथरूम नावाची गोष्ट नाही. एका पेट्रोल पंपावर आहे, त्याला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर नाश्त्याला. त्याची मिसळ संपेपर्यंत मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचले.

चिंचोटीला चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाल्या मावशींनी माझ्या टी-शर्टवरचं संस्थेचं चिन्ह पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

"कोनाचा नवस, बाय?"

"नवस नाही हो मावशी. कॅन्सरच्या संशोधनासाठी चालतेय."

"मंग देव कोनचा?"

"देव नाही. डॉक्टर लोक औषध शोधतात ना, त्यांच्यासाठी."

"आन् चपला घालून?" मावशींना ते पटलं नव्हतं. पण चहाचे पैसे काही घेतले नाहीत, उलट दहाची नोट माझ्या हातात कोंबली. "माज्या भावाला व्हता. गळ्याला. नाव नको लिवूस." पाचवं गुप्तदान. मी ती नोट वेगळ्या कप्प्यात ठेवली.

हायवे, मग वसई फाटा, मग रेल्वेवरचा पूल. याबद्दल काही चांगलं लिहावं असं फार वाटतंय पण सुचत नाही. ऊन, हॉर्न आणि दर दोन किलोमीटरवर स्कूटर घेऊन थांबलेला महेश: "रिक्षा करू का?" पहिल्यांदा प्रेम वाटलं. सहाव्यांदा मी पाण्याची बाटली उगारली. उजव्या टाचेला फोड आला, अंबाडी रोडला पोचेपर्यंत फुटला. तिथे एका दुकानातून चिकटपट्ट्या घेतल्या आणि जाड मोजे. नवे बूट घालून लांब चालू नये हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. त्या बाबतीत मी आणि ताई एकाच माळेचे मणी.

संध्याकाळी पाचला गिरीजला, सिल्व्हियाच्या घरी. विहीर, चिकू, अंगणात क्रूस आणि दारात गरम पाण्याची बादली घेऊन तिची आई. घरात त्यांची आपसात बोली वेगळी, मला निम्मी कळत नाही. माझ्याशी मात्र शुद्ध शाळेतली मराठी. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. मी चार भाकऱ्या खाल्ल्या, लाजले नाही.

"उद्या चर्चमध्ये मिस्साला आजाऱ्यांसाठी प्रार्थना असते," सिल्व्हियाची आई म्हणाली. "आम्ही नाव घेऊन करतो. कोणाचं नाव देऊ?"

मी कालवणात भाकरी बुडवत राहिले.

"नाव घेतलं नाही तर सगळ्यांना कळणार कसं कोणासाठी मागायचं ते?"

"एक आजारी बाई, असं द्या," मी म्हटलं. तिने मान डोलावली, पण चेहरा उतरला तिचा. आणि मला स्वतःचाच असा संताप आला! महिनाभर लोकांच्या गुप्तदानाच्या नावाने बोटं मोडत होते आणि स्वतः काय केलं? तेच.

रविवारचा टप्पा मात्र कोणीही करावा. भुईगाव, निर्मळ आणि पुढे आगाशी. सावली आहे, केळीच्या बागा आहेत, पाटाचं पाणी आहे, रस्त्याकडेला मुळा आणि पालक धुऊन जुड्या बांधणाऱ्या बाया आहेत, त्या स्वतःहून पाणी विचारतात. सकाळी निघालात तर जेवायला आगाशीत. मी फोडांमुळे बदकासारखी डुलत चालत होते, तरी दोन वाजता पोचले. फोनच्या हिशेबाने सदतीस किलोमीटर.

ताईंनी बजावलं होतं, मागच्या गल्लीने गुपचूप घरी ये. पण मी बाजारात शिरले तर एसटीच्या थांब्यापाशी दहाबारा बाया उभ्या, एकीच्या हातात आरतीचं ताट, एकीच्या हातात नारळ आणि पुढे ताईंच्या सासूबाई, माई. बातमी माझ्या आधी पोचली होती. लताच्या भावजयीला तो आजार झालाय, बिचारी नवसाने चालत येतेय. ताई सगळ्यांच्या मागे, तोंड एवढंसं करून.

माईंनी मला ओवाळलं. माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "एवढ्या लहान वयात गं! हे बघ, घाबरायचं नाही. औषधं वेळच्या वेळी घे. आणि डॉक्टर तपासणीला बोलावतील तेव्हा जायचं, बुडवायची नाही. काय?"

बस्स. दोन दिवसांची धूळ, मणका, पपईचा रस, टाच, सगळं एकदम डोक्यात गेलं.

"माई," मी म्हटलं, "हेच जरा मागे वळून परत सांगा."

सगळ्या बाया वळल्या. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता ताईंचं माहेर तुटलं. मग त्या पुढे आल्या, माईंचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही, आई. मला झाला होता. कॅन्सर. दोन वर्षांपूर्वी."

तेवढ्यात आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तरी कोणी हललं नाही.

"माहीत आहे मला," माई म्हणाल्या.

"काय?"

"साधी गाठ काढायला सहा महिने कोण भावजयीच्या मणक्यापाशी बसतं? आलीस तेव्हा वेणी कुठे होती तुझी? मी काय आंधळी आहे?"

"मग बोलला का नाहीत?" ताई रडायलाच लागल्या.

"तूच लपवत होतीस. म्हटलं, तुला नको असेल कोणाला कळायला. तपासणीला जातेस की नाही तेवढं विचारायचं रोज मनात यायचं. पण माहीतच नाही म्हटल्यावर विचारू कसं?" माईंनी पदराने स्वतःचे डोळे पुसले, मग त्याच पदराने ताईंचे.

मी तिथेच एसटीच्या बाकावर बसले आणि बूट काढले. दोन वर्षं! एकाच स्वयंपाकघरात दोन बाया, एकमेकींपासून एकच गोष्ट लपवतायत आणि बदनामी कोणाची, तर माझ्या मणक्याची! मी रडत होते की चिडले होते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताईंनी माझा फोन मागितला. ॲप उघडलं. नाव, आडनाव, गाव, सगळं खरं भरलं. "कोणासाठी" या रकान्यात लिहिलं, "स्वतःसाठी". एक पैसा देणार नव्हत्या, दिले. जाताना माईंनी सुकेळ्यांचे चार पुडे बांधून दिले. आगाशीला गेलात तर सुकेळी घेतल्याशिवाय येऊ नका, केळं वाळवून इतकं गोड करता येतं यावर विश्वास बसत नाही.

घरी येऊन आता महिना झाला. अंगठ्याचं नख गेलं, नवीन येतंय. खर्च म्हणाल तर बूट सोडून फारसा नाही, लोकांनी खाऊच दिलं नाही माझ्या पैशाने. ऋचाच्या एका स्थळाकडून मात्र त्यानंतर फोन आलेला नाही. ताई म्हणतात, बरं झालं, आधी कळलं. म्हणतात तसं, पण त्यांना लागलंय. मलाही लागलंय, कारण बाजारात तोंड मी उघडलं. बिल्डिंगमध्ये अजून निम्म्यांना वाटतं की मीच आजारी आहे, आणि काकूंचा रस चालू आहे.

गेल्या मंगळवारी तपासणी झाली. रिपोर्ट चांगला आलाय, आधीच सांगते, उगाच जीव टांगणीला नको. सोबत मी होते. हॉल भरलेला. तास झाला, दोन झाले. ताईंनी माझा हात असा आवळलेला की बांगडी रुतत होती. मग खिडकीतल्या माणसाने मान वर केली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला ताईंचं पूर्ण नाव आणि मागून "आगाशी!"

ताई उभ्या राहिल्या. "आले," त्याच्याहून मोठ्याने.

मागच्या ओळीत एक बाई ओढणीने डोळ्यांपर्यंत तोंड झाकून बसली होती, सकाळपासून. तिने ओढणी खाली केली. ताईंनी वळून बघितलं आणि ओळखलं, त्यांच्याच आळीतली होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. खिडकीतला माणूस पुन्हा ओरडला.

"माझ्या जागेवर येऊन बस," ताई तिला म्हणाल्या, "वैशालीशेजारी. मी येईपर्यंत उठू नकोस."