मागच्या सीटवर कुणी बसायचं

“खराबी रोज भेटली असती, तं तिले हुडकाले मी कायले पायजे होतो?” असं देवमन मिस्त्री एकदा म्हणाला होता.

अमरावतीत, बडनेऱ्याच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं. टिनाचं छप्पर, बॅटऱ्या चार्ज करायचं लाकडी टेबल, हात पुसायला तेजाबाने भोकं पडलेलं धोतर. अकोल्यात एका मुसलमान मिस्त्रीच्या हाताखाली नऊ वर्षं काढून तो इथे आला होता. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, घरातले देव निघाले. देव्हाऱ्याच्या रिकाम्या फळीवर त्याने डायनामोचे जुने कटआउट ठेवले. नाव देवमनच राहिलं. ते बदलायला त्याला सवड झाली नाही.

तो मोटारींच्या विजेचं काम करी, इंजिनाला हात लावत नसे. गिऱ्हाइकाला एकच गोष्ट हमखास विचारी : गाडी बंद पडली तेव्हा आत कोण कोण होतं? लोकांना ती पोलिसी चौकशी वाटे.

एकसष्टच्या उन्हाळ्यात शेषराव ड्रायव्हर त्याच्याकडे आला. मोर्शीकडचे संत्र्यांचे बागाईतदार पुंजारामजी अमरावतीत राहत. शेषराव चौदा वर्षं त्यांच्याकडे होता. त्यांची युद्धाआधीची काळी अमेरिकन मोटर दोन महिन्यांपासून मधेच बंद पडत होती.

“मालक म्हन्ते, मीच चोरून चावी फिरवतो. माह्या साळ्याचं ग्यारेज चालावं म्हनून. उद्या मोर्शीले जाचं हाय. आता बंद पडली तं चावी ठेव अन् घरी जाय, म्हन्ते.”

“तू एकटा असला तं?”

“एकटा असलो तं धारणीपावतर जाते. घाटात नाई थांबत.”

“अन् मालक बसले तं?”

“रेल्वेच्या फाटकावर मरते. बैलबंडी आडवी आली का मरते. मालक खाली उतरले, शिव्या देल्ल्या, का चालू.”

“शिव्यानं?”

शेषराव हसला नाही.

त्याआधी तीन मिस्त्रींनी गाडी पाहिली होती. तिघांनी बॉनेट उघडलं, प्लग बदलले, कॉइल बदलली, पुढे बसून गाव हिंडवून आणलं. गाडी कुठेही थांबली नव्हती. त्यामुळे शेषरावची बाजू आणखीच लंगडी पडली होती.

देवमन लगेच त्याच्याबरोबर गेला. पुंजारामजी अंगणात निंबाखाली आरामखुर्चीत होते. वजनदार माणूस.

“मी बसलो का मरते,” ते म्हणाले. “मी का तिचा सासरा हाव?”

“मालक, तुमी जरा मांगं बसा.”

“मी? इंजिन समोर हाय, मिस्त्री.”

“बंद पडते तवा तुमी मांगंच राह्यता.”

“म्हन्जे खराबी मीच हाव?”

“पाहू.”

पुंजारामजी उठले नाहीत. त्या सीटवर घरची माणसं बसत, दुसरं कुणी नाही. कधी अडीनडीला बसलंच, तर पुंजारामजींच्या आई, दुर्गाबाई, सीटवर तांब्याभर पाणी टाकून घेत. चैत्रात शेषरावने एका मजुरणीला दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा तर बादली ओतली होती. मिस्त्री लोकांना हे माहीत असे. म्हणून गाडीची मागची बाजू त्या तिघांपैकी कुणी पाहिलीच नव्हती.

देवमनने मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसला.

“शेषराव, हॉर्न दाबून ठेव.”

हॉर्न वाजू लागला. देवमन उजवीकडे सरकला. हॉर्न थांबला. तो उठला, वाजला. बसला; थांबला. पुंजारामजी खुर्चीतून उठून जवळ आले.

देवमनने सीट उचलून बाहेर ठेवली. खाली गोणपाट होतं, ओलसर. त्याखाली बॅटरी, पूर्वीच्या कुणा मिस्त्रीने ती पुढून इथे आणली होती. तिचा अर्थिंगचा पट्टा तळाच्या पत्र्याला बोल्टने कसलेला होता आणि बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून नखाने सोलत होता.

“गाडी पळते तोवर डायनामो भागवते,” देवमन म्हणाला. “हळू झाली का बॅटरी लागते. तुमी बसले का पत्रा दबते, पट्टा सुटते. उतरले का पुन्हा टेकते. याच्यात शेषरावचा काई हात नाई.”

शेषराव स्टेअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

“पत्रा कायनं सडला?” पुंजारामजींनी विचारलं.

“पान्यानं.”

दुर्गाबाई तेवढ्यात तांब्या घेऊन ओसरीवरून उतरल्या. मिस्त्री सीटवर बसलेला त्यांनी खिडकीतून पाहिला होता.

शेषराव खाली उतरला. “माय, नका टाकू. पान्यानंच तं...”

“तू चूप. गाडी चालवाची तं गाडी चालव.”

पुंजारामजींनी आईकडे पाहिलं, मग देवमनकडे. मग निंबाकडे.

“थोडंच टाक, माय,” ते म्हणाले.

शेषरावने देवमनकडे पाहिलं. थोडं थोडं पाणी, पुन्हा गंज, पुन्हा रेल्वेचं फाटक. त्या दिवशी चावी कुणाला ठेवावी लागेल हे दोघांनाही कळत होतं.

देवमनने हत्यारांची पिशवी उघडली. बोल्ट सोडवला. पट्ट्याला जाड तार जोडून तिचं टोक पत्र्याच्या भोकातून खाली काढलं. मग गाडीखाली उताणा शिरला, चेसिसची दांडी कानशीने घासून पांढरी केली आणि तार तिथे कसली. सीटवरून ओघळलेलं पाणी तिथवर पोचत नव्हतं. वरून ग्रीस थापलं. या सगळ्याला अर्धा तास लागला. दुर्गाबाई तांब्या धरून उभ्या होत्या. पुंजारामजींनी त्यांना खुर्ची देऊ केली. त्या बसल्या नाहीत.

देवमनने सीट जागेवर ठेवली. शेषरावला हाताने खूण केली. हॉर्न वाजू लागला.

मग तो पुन्हा आत गेला आणि सीटवर बसला. पुंजारामजी बसत त्याच जागी, उजव्या बाजूला. एकदा अंग उचलून जोराने आदळलं. आणखी एकदा. हॉर्न वाजत राहिला.

तो उतरला. तांब्यासाठी दार उघडंच ठेवलं. पिशवी खांद्याला अडकवली, दुर्गाबाईंच्या बाजूने गेला आणि फाटकाबाहेर पडला.