शेजारची खोली

मी एकदा परक्या बाईची खोली झाडून दिली. झाडली, पुसली, बेसिन घासलं आणि शिवाय खाली जाऊन "झालं हो" असं सांगूनही आले. तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं नोकरी झालेली मास्तरीण होते, आणि त्या इमारतीत पाहुणी म्हणून उतरले होते. आमच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. आता हसा.

माझी नात हसत नाही. ती म्हणते, "आजी, तू सांगितलं का नाहीस त्यांना?" तेच तर सांगते.

नव्वदनंतरची गोष्ट. माझी मुलगी करुणा इंजिनियर झाली. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तिला नोकरी लागली. पहिले दोन महिने कंपनीनं तिला सावेडीच्या बाजूला एका नव्या इमारतीत ठेवलं. मी हॉटेल म्हणाले तर रागावली. "आई, सर्व्हिस अपार्टमेंट म्हणतात." म्हणजे आपलं घर असावं तशी खोली, गॅसची शेगडी, फ्रीज, पण चादरी रोज दुसऱ्या कुणी येऊन बदलायच्या. सगळ्यात वर गच्ची. तिथं छत्र्यांखाली खुर्च्या मांडलेल्या. तिथून सगळं नगर दिसतं, म्हणे. मे महिन्याची सुट्टी होती. मी शेवगावहून एसटीनं गेले, ठेवणीतलं पातळ नेसून.

पहिल्याच सकाळी करुणा कामावर गेली आणि मला धास्ती बसली. कुणी तरी येणार, आमची चादर उचलणार, आमचा संडास धुणार. तिला काय दिसेल? माझी आई म्हणायची, "आपुन उठलो की जागा आदीपेक्षा लख्ख दिसाया पायजे. न्हाई तर नावं ठेवायला टपलेलेच हायेत." चाळिशी उलटली तरी ते वाक्य पाठीवर बसलेलंच होतं. मी चादर ताणली. टॉवेल धुऊन वाळत घातले. जिन्याजवळच्या कपाटातून झाडू आणला, पदर खोचला. माझं शहाणपण बघा. जी झाडायला येणार, तिच्याआधी तिचं काम उरकायचं, म्हणजे ती आपल्याला घाणेरडं म्हणणार नाही.

झाडत झाडत दाराशी आले तर बाहेरून हाक आली. "बाई!"

मी खूश झाले. हे सांगायची आजही लाज वाटते. गावात मला सगळे बाईच म्हणायचे. पोरं, त्यांचे आईबाप, सरपंचसुद्धा. मला वाटलं, माझी आई शिक्षिका आहे असं करुणानं खाली सांगून ठेवलं असणार. मी तोंडावर वर्गातलं हसू आणून बाहेर गेले. मॅनेजर होता. तरणा माणूस, गळ्यात टाय. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. हातातल्या झाडूकडं पाहिलं.

"बाई, शेजारची पण करून घ्या. मॅडम बाहेर गेल्यात, तोवर."

किल्ली हातावर ठेवली आणि तो गेला.

माझं तोंड उघडलं होतं. शब्द आला नाही. राग आला नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. पाय चालले. हात चालले, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. पलंगाखाली वाकले. कोपरे काढले. माझ्या बापानं धम्म घेतला त्या वर्षी गावची चावडी झाडणं सोडलं होतं. त्यापायी मार खाल्ला होता. ते मला आठवलं. झाडता झाडताच आठवलं. तरी झाडू थांबला नाही.

दुपारी मॅडम आल्या. नवऱ्याच्या कामासाठी पुण्याहून आलेल्या. त्यांनी खोली पाहिली आणि मॅनेजरला सांगितलं, "हीच बाई रोज पाठवा. कोपरेसुद्धा सोडले नाहीत." आमचं दार उघडं होतं. मला सगळं ऐकू आलं.

तेवढ्यात खरी झाडणारी वर आली. हिराबाई. तिनं मला येताना बघितलं होतं. ती मॅनेजरला म्हणाली, "कुनाला झाडाया लावलं सायेब? ह्या तर पावण्या हायेत, तीनशे दोनच्या."

मॅनेजर आमच्या दाराशी आला. "माफ करा हं. पण तुम्ही तशाच वाटलात."

तशा म्हणजे कशा, ते मी विचारलं नाही.

मॅडम हसल्या. "अगंबाई, तुम्ही तरी बोलायचं की!" मग जरा थांबून म्हणाल्या, "आडनाव काय तुमचं?"

सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या.

आडनाव ऐकून झाल्यावर येणारं हे 'अच्छा' आमच्या ओळखीचं आहे. चेहरा हसराच राहतो. आतून कडी लागते.

संध्याकाळी करुणा यायच्या आधी मी गच्चीवर जाऊन बसले. खाली भुईकोट किल्ला, लांब डोंगरावर चांदबिबीचा महाल. दोन खुर्च्या सोडून मॅडम आणि त्यांचे यजमान. मॅडमनी मॅनेजरला बोलावून हळू आवाजात काही सांगितलं. तो माझ्याकडं आला.

"बाई, तुमचा चहा खोलीवर पाठवतो. निवांत घ्या."

मी विचारलं, "कुठली बाई?"

"म्हणजे?"

"शाळेतली का झाडूची? शाळेतली असेन तर मी इथं बसणार. झाडूची असेन तरी इथंच बसणार. चहा इथं आणा."

तो मॅडमकडं बघत राहिला. मॅडम उठल्या आणि नवऱ्याला घेऊन खाली गेल्या. त्यांची खोली झाडायला मी चालत होते. शेजारी बसायला चालत नव्हते. एवढं सोपं गणित. आणि मी वीस वर्षं पोरांना गणित शिकवत होते.

जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. चहा आला. त्यावर साय धरली. नगर समोरच होतं, मी बघितलं नाही. करुणा आली, म्हणाली, "छान दिसतं ना, आई?" मी म्हणाले, "व्हय." तिला मी बरीच वर्षं काही सांगितलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी झाडायची पाळी हजेरीपटाच्या नंबरानं लावली. मुलगे, मुली, सगळे. त्याआधी आमच्याच वस्तीतल्या दोन पोरी झाडायच्या. मीच नेमलेल्या. कोपरे सोडत नाहीत, असं मीच हेडमास्तरांना कौतुकानं सांगायची. तिसऱ्या दिवशी पाटील शाळेत आले. "बाई, आमच्या पोरीनं घरी बी कधी झाडू धरला न्हाई."

"इथं धरंल. सोपा असतो," मी म्हणाले.

हेडमास्तर म्हणाले, अशानं तुमची बदली होईल. झाली. नव्या शाळेत पहिल्या दिवशी मी परत तेच केलं. रिटायर होईपर्यंत केलं. कुणाचा बाप आला तरी नंबर बदलला नाही. आज कुणी शाळा हातात दिली तर आजही बदलणार नाही.

पण हे मला गच्चीवर सुचलेलं नव्हतं. गच्चीवर मी नुसती बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू परत द्यायला हिराबाईकडं गेले. ती जिना पुसत होती. मी तिथंच पायरीवर बसले आणि तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. मी शाळेत बाई आहे. मॅडमना कसं खाली जायला लावलं. मॅनेजरचं तोंड कसं झालं. तिनं ऐकून घेतलं. बादलीत फडकं पिळलं. आणि वर न बघता विचारलं,

"तुमच्या शाळंत कोन झाडतं, बाई?"