सिस्टरांच्या दारावरची पाटी

"ट्रॉली रिकामीच चालली व्हय रं?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"भरायला काय हायच न्हाई, आबा. एक फुटकी बादली सापडली. ती पण सिस्टर म्हणाल्या राहू द्या, झाडाला पाणी घालायला व्हती."

मी गवंडी आहे. खुटबावचा. शाळा चौथीपर्यंत, पुढं सगळं आयुष्य विटा आणि सिमेंट. जुन्या घराचं काम घेतलं की पहिला दिवस घर रिकामं करण्यात जातो. माणूस घरात काय काय साठवतो ते गवंड्याला विचारावं. मोडका पाळणा, गळका स्टोव्ह, मेलेल्या बापाची काठी, लग्नातल्या पितळी भांड्यांची पोती. साध्या तीन खोल्यांच्या घरातून दोन ट्रॉल्या भरून निघतात. आणि इथं चौदा खोल्यांच्या घरातून एक बादली निघत होती, तीही परत जागेवर गेली.

हे घर म्हणजे दौंडच्या बाहेर फादर लोकांचं कॉलेज आहे, त्याच्या आवारातलं सिस्टरांचं राहायचं ठिकाण. त्याला कॉन्व्हेंट म्हणतात. बांधलं तेव्हा चौदा सिस्टर राहायच्या. आता दोनच उरल्या होत्या. एक तरुण, ती कॉलेजात शिकवायची. दुसऱ्या सिस्टर क्लारा, माझ्याच वयाच्या. बाकीच्या काही वारल्या, काहींची बदली झाली, नव्या मुली सिस्टर व्हायला येत नाहीत. दोन बायांसाठी एवढं घर झाडायचं तरी कुणी? म्हणून प्रिन्सिपॉल फादरांनी ठरवलं, इथं मुलींचं होस्टेल करायचं. न्हावऱ्याकडच्या मुली दोन एसट्या बदलून कॉलेजला येतात. एक एसटी चुकली की दिवस गेला. असे चार दिवस गेले की घरचे म्हणतात, बास झालं शिक्षण, पोरगी बघायला माणसं येत्यात. होस्टेल जूनच्या आत पाहिजे होतं. काम मला मिळालं.

ट्रॉली गेल्यावर मी सिस्टर क्लारांना विचारलं, "बाकीच्या सिस्टरांचं सामान कुठं ठेवलंय? कुलपात हाय का?"

"कसलं सामान?"

"आवं, इतकी वर्षं माणसं राहिली इथं."

"बदली झाली त्या आपली पिशवी घेऊन गेल्या. वारल्या त्यांची पिशवी आम्ही वाटून टाकली. संपलं की वो मिस्त्री."

मी पायरीवर बसलोच. प्रत्येक खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीला एक खुंटी. चौदा खोल्यांत तेच. कोण कुठल्या खोलीत राहत होतं त्याची खूण नाही. मला ते चांगलं वाटलं नाही. सरळ सांगतो, अंगावर काटा आला.

त्याला कारण होतं. आमची कौसल्या, माझी बायको, गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिची खाट, तिची मिश्रीची डबी, एक काडी तुटलेला चष्मा, सगळं जागच्या जागी होतं. सून एकदा म्हणाली, "आबा, खाट माळ्यावर टाकू का, पोरांना अभ्यासाला जागा व्हईल." मी तिला काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

सिस्टर क्लारा मूळच्या केरळच्या. पण दौंडात केस पांढरे झाले, त्यामुळं बोलणं आमच्यापेक्षा आमचं. कॉन्व्हेंटच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना असायचा. कौसल्या शेवटी अंथरुणाला खिळली, तिच्या पाठीला जखमा झाल्या. तेव्हा सिस्टर रिक्षा करून आमच्या घरी ड्रेसिंगला यायच्या. कौसल्या गेल्यावर लोक माझ्यासमोर तिचं नाव घ्यायचे बंद झाले. सिस्टर मात्र घ्यायच्या. काम चालू असताना मागं येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "कौसल्या असती तर या गिलाव्यावर तुम्हाला शिवी दिली असती." आणि खरंच दिली असती. त्या एका वाक्यावर माझा दिवस निघायचा.

कामाचं सांगतो. सिस्टरांच्या खोल्या एका माणसाला पुरतील एवढ्याच. होस्टेलला दोन खोल्यांची एक करायची म्हणजे मधली भिंत काढायची. मी फादरांना म्हणालो, "ह्या भिंतीवर वरचा मजला बसलाय. काढली तर मजला खाली येईल." फादरांनी कॉलेजचे इंजिनिअर बोलावले. ते म्हणाले, "लोखंडी बीम टाकू." बीम म्हणजे भिंतीचं ओझं आपल्या खांद्यावर घेणारं आडवं लोखंड. मी म्हणालो, "जुनी वीट हाय, बीमचं टोक पेलायची न्हाई." ते म्हणाले, "पेलेल." पेललं. माझा अंदाज चुकला. जेवणाच्या खोलीची मेस झाली. प्रार्थनेची खोली तशीच ठेवली. सगळं वेळेत चाललं होतं.

आता खालच्या कोपऱ्यातली खोली. ह्या सिस्टरांच्या वर एक मोठ्या सिस्टर असतात, पुण्याला. बदल्या त्या करतात. त्यांनी कळवलं होतं की तरुण सिस्टर वॉर्डन होतील आणि सिस्टर क्लारांना इथंच राहू द्यावं. फादर मला म्हणाले, "मिस्त्री, कोपऱ्यातली खोली सिस्टर क्लारांना. पुढचं पुढं बघू."

ते "पुढचं पुढं बघू" मला टोचलं. म्हाताऱ्या माणसाची खोली अशीच जाते, मी चाळीस घरांत बघितलंय. आधी पुढचं पुढं बघू, मग त्यात गव्हाची पोती येतात, मग एक दिवस म्हातारं ओसरीवर झोपतं. मी ठरवलं, ही खोली अशी करायची की सिस्टरांना तिथून कुणी हलवू शकणार नाही.

दारात पायरी काढून उतार केला. न्हाणीघरात न घसरणारी फरशी टाकली, कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे बसवले. कौसल्या न्हाणीतच पडली होती. त्यामुळं दांडा किती उंचीवर पाहिजे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि शेवटी मी दौंडच्या एका पाथरवटाकडून संगमरवरी पाटी करून आणली. काळ्या अक्षरात "सिस्टर क्लारा". लाकडी पाटी खिळ्यावरून कुणीही काढतं. मी दाराशेजारी भिंतीला खाच मारली, पाटी आत बसवली, कडेनं पांढरं सिमेंट भरलं. आता काढायची तर भिंत फोडावी लागेल. आमच्याकडं नव्या घराला पाटी लावली की घर त्या माणसाचं झालं. मग त्यावर कुणी बोलत नाही.

फादर तिथून चालले होते. थांबले.

"मिस्त्री, हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. माझ्याकडनं हाय."

"सिस्टरांना विचारलं?"

"विचारून कुणी मान देतं का, फादर?"

फादर डोकं खाजवत गेले.

संध्याकाळी चार-साडेचारला मी सिस्टरांना हाताला धरून आणलं. त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा पुसला. अक्षरांवरनं बोट फिरवलं. मी वाट बघत होतो, आता डोळ्यांत पाणी येईल.

"अक्षर लय सुरेख हाय," त्या म्हणाल्या. "काढा."

"आं?"

"काढा, मिस्त्री. आजच काढा."

मला वाटलं लाजतात. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. आत गेल्या, फोन लावला. मल्याळीत बोलत होत्या, मला काही समजलं नाही. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या सिस्टरना सांगितलं, माझी बदली करा. शनिवारी गाडी येतीय."

मी थापी घमेल्यात टाकली आणि तडक फादरांच्या ऑफिसात गेलो. सिमेंट लागलेल्या पायांनीच.

"फादर, तुम्ही अडवा त्यांना. म्हातारं माणूस घराबाहेर काढताय, काय वाटतं का तुम्हाला?"

"मी काढत नाही. त्यांच्या बदल्यांत मला बोलता येत नाही."

"मग मोठ्या सिस्टरना सांगा."

"मिस्त्री, बसा. त्यांना कुणी पाठवत नाही. त्यांनी मागून घेतलंय."

मी बसलो नाही. मागून घेतलंय! एवढ्या वर्षांचं घर, दवाखाना, आजूबाजूच्या गावांतल्या बाया, सगळं सोडून जायचं, तेही एका पाटीवरनं? मला ते डोक्यातच शिरेना. बायको मेली तेव्हा निदान आजार होता, डॉक्टर होता, कुणाला तरी दोष देता येत होता.

परत येऊन सिस्टरांशी भांडलो. होय, भांडलो.

"माझं काय चुकलं ते सांगा. शिवी लिहिली का मी भिंतीवर?"

"चुकलं काय न्हाई. बसा. चहा घ्या."

"चहा नको."

"मिस्त्री, सिस्टर व्हताना आम्ही वचन देतो, माझं म्हणून काय ठेवायचं न्हाई. मला आजवर ते सोपं गेलं, कारण माझं म्हणून कुणी काय दिलंच न्हाई. ह्या खोलीतनं उठ म्हणलं की उठायचं, त्या खोलीत झोप म्हणलं की झोपायचं. आज तुमची पाटी बघितली आन् मला ती लय आवडली. माझी खोली, असं आलं मनात. ह्या वयात! तिथंच गडबड हाय."

"आवडली तर राहा की मग!"

"आवडली म्हणून जायचं."

"हे काय शहाणपण झालं का? मला न्हाई कळत."

"न्हाई कळायचं तुम्हाला." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "खरं सांगा. खोली कुणासाठी बांधली?"

"तुमच्यासाठी. अजून कुणासाठी?"

"माझ्यासाठी असती तर मला विचारलं असतं. मी पायरीनं नीट चढते. दांडे मला लागत न्हाईत. तुम्ही कौसल्याची खोली बांधली, मिस्त्री. आन् तिच्या जागी मला बसवताय."

तोंडात मारल्यासारखं झालं. कुणी दुसरं बोललं असतं तर मी हात उचलला असता. त्या बोलल्या म्हणून उभा राहिलो.

पाटी मीच काढली. पोरांना सांगितलं नाही. छिन्नीनं कडेचं सिमेंट फोडलं, पण मी ते इतकं घट्ट भरलं होतं की पाटी सुटेना. शेवटी मधोमध तडकली. "सिस्टर" एका हातात आलं, "क्लारा" दुसऱ्या. सिस्टर शेजारी उभ्या होत्या. घमेलं त्यांनीच पुढं केलं.

शनिवारी जीप आली. गेटवर पंधरा-वीस बाया जमल्या होत्या, काही रडत होत्या. सिस्टर त्यांना सांगत होत्या, बीपीची गोळी बंद करू नका, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, लाजू नका. मग आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. कापडी पिशवी, खांद्याला अडकवायची.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच की. तुम्ही काय ट्रॉली आणली व्हय?"

बाया रडता रडता हसल्या. मी हसलो नाही. जीप निघाली तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं का, ते मी बघितलं. त्यांनी नाही बघितलं.

जूनमध्ये होस्टेल सुरू झालं. कोपऱ्यातल्या खोलीत न्हावऱ्याच्या दोन मुली आल्या. पहिल्याच दिवशी एक माझ्याकडं येऊन म्हणाली, "आजोबा, खोलीत प्लग एकच कसा? मोबाइल कुठं लावायचे?" मी वायरमनला सांगून दुसरा बसवून दिला. दवाखान्याच्या खोलीत आता वॉर्डनचं ऑफिस आहे. होस्टेल भरलंय, पोरींचा गोंगाट रस्त्यापर्यंत येतो. फादर खूश आहेत. काम चांगलं झालं असं सगळे म्हणतात.

मला मात्र त्यांचं ते वागणं अजून पटलेलं नाही. आवडलं म्हणून सोडायचं, हे माझ्या डोक्यात बसत नाही, आणि ह्या वयात बसेल असंही वाटत नाही. कामाची पद्धत तेवढी बदलली. आता कुणी बोलावून म्हणतं, "मिस्त्री, आईसाठी खाली खोली काढायचीय," तर मी म्हणतो, "आईला बोलवा." मालक म्हणतो, "आई काय सांगणार? तुम्ही मारा कुदळ." मी तंबाखू मळत बसतो. आई येऊन बोलेपर्यंत कुदळ मारत नाही.